पप्पांनी माझं कॉलेज तपासलं

माझा बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी इंजिनिअर होणार हे ठरून गेलं. कुणी ठरवलं ते मला अजूनही सांगता येणार नाही. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या त्या 'आमच्या बिल्डिंगमधली पहिली इंजिनिअर' म्हणतच आत आल्या. खराडीला आयटी कंपनीत असलेल्या मामांनी फोनवर कॉम्प्युटर की आयटी एवढाच पर्याय माझ्यापुढे ठेवला. आणि आईनं अर्धा पेढा तोंडात कोंबल्यामुळे 'अहो, मला विचारा की' हे वाक्य माझ्या घशातच राहिलं. सीईटीतही मार्क बरे होते. पुण्यात बरे मार्क पडलेल्या मुलीनं इंजिनिअरिंगला जायचं नाही म्हटलं की लोक आधी तब्येत विचारतात आणि मग आवाज खाली आणून घरी सगळं ठीक आहे ना विचारतात.

मला नक्की काय हवंय हे मलाही धड सांगता येत नव्हतं, ही खरी पंचाईत होती. विज्ञान आवडायचं, पण सगळंच आवडायचं. अकरावीला सगळ्या मुली गणित ठेवायचं की बायोलॉजी याचा निर्णय दोन मिनिटांत करत होत्या, तेव्हा मी दोन्ही ठेवलं. क्लासच्या सरांनी पप्पांना बोलावून मुलीची निर्णयक्षमता कमी आहे असं सांगितलं. मला त्याचा इतका राग आला की मी पुढचे दोन महिने त्या सरांच्या एकाही प्रश्नाला हात वर केला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल, पण मला बरं वाटायचं.

तर मंडईपासून दहा मिनिटांवर एका बोळात एक छोटं कॉलेज आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही 'कुठलं?' असंच विचाराल. खाली झेरॉक्सचं दुकान, वर चार मजले, मैदान नाही, पार्किंग नाही, कँटीन म्हणजे जिन्याखालची एक शेगडी. लिबरल आर्ट्स म्हणतात त्याला. आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना तिथं चित्रकला शिकवतात असं वाटायचं. प्रत्यक्षात तिथं विज्ञानही शिकता येतं, फक्त फिजिक्स घेणाऱ्या पोरीला सोबत इतिहास किंवा संगीत किंवा तत्त्वज्ञान असलं काहीतरी घ्यावंच लागतं. एका वर्गात जेमतेम तीस मुलं असतात.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीला सोबत म्हणून. शनिवारी तिथं कुणीही येऊन बसावं असं व्याख्यान असायचं. त्या दिवशीचा विषय होता, चिखल वाळताना त्याला भेगा कशा पडतात. एक पन्नाशीच्या प्राध्यापिका चिखलानं भरलेली दोन पसरट ताटं घेऊन उभ्या होत्या. एका ताटातल्या भेगा चौकोनी होत्या, दुसऱ्यातल्या साधारण षटकोनी. मी विचारलं, असं का. बाई म्हणाल्या की त्यांनाही पूर्ण माहीत नाही, बऱ्याच जणांना नाही, म्हणूनच तर त्यांनी ताटं बसमधून सांभाळून आणलीत. मग त्यांनी मला पुढे बोलावून माझ्या हातात कोनमापक दिला आणि भेगांमधले कोन मोजायला लावले. बारा वर्षांच्या शाळेत 'मला माहीत नाही' म्हणणारी शिक्षिका मी पहिल्यांदा पाहत होते. घरी येताना मी बसमध्ये उभी होते आणि मला उगाचच हसू येत होतं.

त्याच रात्रीच्या जेवणात मी घरी सांगून टाकलं की मला तिथं जायचंय. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. मामांचा फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले की हा टप्पा सगळ्यांचा येतो, त्यांच्या ऑफिसातल्या एकाला गिटारवादक व्हायचं होतं. मग सगळे पप्पांकडे बघायला लागले.

पप्पांबद्दल सांगायला हवं. ते शिक्षण खात्यात आहेत आणि शाळांची तपासणी करण्याच्या नोकरीला त्यांना तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. हजेरीपट, पाण्याच्या टाक्या, स्वच्छतागृहं, नोंदवह्या, सगळं बघायचं आणि शेरा लिहायचा. ही सवय त्यांनी ऑफिसात ठेवली असती तर बरं झालं असतं. लग्नाला गेले की ते आधी हॉलचा मागचा दरवाजा उघडतो का बघायचे. येरवड्याचा आमचा फ्लॅट घेताना त्यांनी बिल्डरला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी 'साहेब, तुम्हाला घर घ्यायचंय की बंद पाडायचंय' म्हणाला. आईच्या आमटीला ते 'समाधानकारक' म्हणत. यापेक्षा वरचा शेरा द्यायला मंत्रालयातून मंजुरी आणावी लागते का, असं आई विचारायची. ते हसायचे, पण शेरा बदलायचे नाहीत.

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत. इंजिनिअरिंगच्या यादीत माझं नाव लागलेलं होतं, कॉम्प्युटरलाच, आणि ती जागा पक्की करायची शेवटची तारीख गुरुवारची होती. पप्पांनी खिशातून डायरी काढली, गुरुवार लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, सोमवारी कॉलेज तपासून घेऊ.

सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला. स्कूटर मंडईजवळ लावून आम्ही चालत गेलो. मी वाटेत तीनदा सांगितलं की पप्पा, आपण पालक म्हणून चाललोय. त्यांनी तीनदा हो म्हटलं. आणि कॉलेजच्या दारातून आत गेल्यागेल्या त्यांनी आग विझवण्याच्या सिलिंडरवरची तारीख वाचली.

तारीख चालू होती. पाण्याच्या टाकीची सफाई मागच्याच महिन्यात झालेली होती. ऑफिसातल्या क्लार्कला त्यांनी तक्रारपेटी कुठे आहे विचारलं. क्लार्क मान वर न करता म्हणाला की पेटी आहे, पण तक्रार तोंडी केलीत तर लवकर ऐकली जाते, पेटीची किल्ली सापडत नाही. मैदान नाही हे पप्पांनी लिहून घेतलं. व्हरांड्यात दोन मुलं टेबल टेनिस खेळत होती, तेही लिहून घेतलं. मी त्यांच्या मागे दोन पावलं चालत होते आणि जमीन दुभंगली तर बरं असं मनात म्हणत होते.

चिखलवाल्या बाई भेटल्या. त्यांनी आम्हाला बसवून चहा दिला. पप्पांनी विचारलं की इथून बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात. बाईंनी खरं ते सांगितलं. काही एमएस्सी करतात, काही बाहेरच्या देशात जातात, काही शिकवतात, काहींना आपल्याला काय करायचंय ते कळायला थोडा वेळ लागतो. मी टेबलाखालून स्वतःच्याच पायावर पाय दिला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? पप्पांनी डायरीत लिहिलं, निश्चिती नाही. मला उलट्या बाजूनंही वाचता आलं.

मग आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलो. एक लांबट खोली, दोन ओटे, खिडकीत कबुतरांसाठी लावलेली जाळी. तिथं एक सहायक बाई होत्या, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्यावर रुमाल, आणि चेहऱ्यावर आम्ही कशासाठी आलोय हे त्यांना विचारायचंही नाहीये असा भाव. पप्पांनी कपाटं पाहिली. कपाटांना कुलपं नव्हती, हे त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी मोडतोड रजिस्टर मागितलं. प्रयोगशाळेत काही फुटलं, तुटलं, बिघडलं की त्याची नोंद करायची वही. आलेल्या पालकांनी ही वही मागितल्याचं बाईंच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत असावं. त्यांनी पप्पांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ओट्याखालून एक जाडजूड, कडा कुरतडलेली वही काढून धपकन समोर ठेवली.

पप्पा पानं उलटत गेले. बीकर, बीकर, थर्मामीटर, प्रिझमचा कोपरा, काचपट्ट्या एक डझन, पुन्हा थर्मामीटर, वजनकाट्याचा चिमटा. प्रत्येक नोंदीपुढे मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि काय करताना फुटलं ते. पान संपायचं, पुढचं पान सुरू व्हायचं. मी सव्वीस वर्षांचा अनुभव नसतानाही सांगू शकत होते की हे बरं चाललेलं नाही.

पप्पांनी विचारलं, "एवढं फुटतं?"

"हात लावतात," बाई म्हणाल्या. "मग फुटतं."

पप्पांनी वही बंद केली, आभार मानले आणि जिना उतरले.

परतताना मी स्कूटरवर मागे बसले होते. बंड गार्डनच्या सिग्नलला थांबल्यावर मान थोडी मागे वळवून त्यांनी मला निकाल सांगितला. सव्वीस वर्षांत इतकं मोठं मोडतोड रजिस्टर त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हद्दीतल्या शाळांमध्ये त्या वहीत एकच शब्द असतो, निरंक. म्हणजे काही फुटलं नाही. ज्यांना थर्मामीटर सांभाळता येत नाही ते मुलांना काय सांभाळणार, असं ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

मी घरापर्यंत धुमसत होते. दारात चपला काढतानाच सुटले. म्हटलं, तुम्हाला शिकवणं दिसलंच नाही, तुम्हाला फक्त काचा दिसल्या, भरा तुमचा फॉर्म, होते मी इंजिनिअर, आणि रोज सकाळी उठून तुम्हाला दाखवते की मी किती खूश आहे. हे शेवटचं वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण चांगलं जमलं असं मला तेव्हाही वाटलं. पप्पा आत जाऊन हातपाय धुऊन आले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्या दोन दिवसांत मला ते खरोखर आवडत नव्हते, हे कबूल केलेलं बरं.

बुधवारी रात्री जेवताना मामांचा पुन्हा फोन आला, उद्याच्या तारखेची आठवण द्यायला. पप्पांनी त्यांना कॉलेजची हकिगत सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता ते रंगात आले. कपाटाला कुलूप नाही, वहीत पानंच्या पानं भरलेली, आणि आमच्या शाळांमध्ये बघा, वर्षानुवर्षं निरंक. मामा पलीकडून हं हं करत होते.

आई पोळी मोडत होती. ती खाली बघूनच बोलली. "आमच्या वॉर्डात बी.पी.च्या मशीनचा पट्टा वर्षभरात फाटतो. एखाद्या वॉर्डातला कोराच्या कोरा असला ना, की आम्ही समजतो, इथं कुणी बी.पी. बघत नाही."

एवढंच. मग तिनं मला लोणचं पाहिजे का विचारलं. पप्पांनी मामांना नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा पप्पा गॅलरीत चहा घेऊन बसले होते. दुसरा कप माझ्यासाठी भरून ठेवलेला होता आणि त्यावर साय धरली होती, म्हणजे ते बराच वेळ वाट बघत होते. माझं अबोल्याचं व्रत चालू होतं, पण चहा होता म्हणून बसले.

त्यांनी त्यांच्या शाळेबद्दल सांगायला सुरुवात केली. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा विड्या वळायचे. त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते घरातल्या सगळ्या पोरांची नावं शाळेत घालायचं, मुलींचीसुद्धा. पप्पा त्यांच्यातले सगळ्यात धाकटे, नंतर झालेले, पण नियम तोच. तालुक्याच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीत काचेच्या दाराचं एक कपाट होतं, आणि त्यात निळ्या कापडाखाली एक सूक्ष्मदर्शक. सर वर्षातून एकदा कापड बाजूला करून तो लांबून दाखवायचे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती सर फळ्यावर काढायचे, मुलं ती वहीत उतरवायची. पप्पांची आकृती वर्गात सगळ्यात सुबक असायची, तिला दहापैकी दहा मिळायचे.

"मी तो बघितला," पप्पा म्हणाले. "त्यातून कधी बघितलं नाही."

मी चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.

मग ते म्हणाले की रात्रभर त्यांना त्या शाळा आठवत होत्या. प्रत्येक ठिकाणी ते कपाट बघायचे, कुलूप ओढून बघायचे, आतल्या वस्तू यादीशी ताडून बघायचे, एकही कमी नसायची. आणि शेऱ्यात लिहायचे, प्रयोगशाळा उत्तम स्थितीत. सव्वीस वर्षं. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, सपाट, तपासणी अहवाल वाचल्यासारखा, आणि म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं. दोन दिवसांचा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी म्हटलं, राहू दे पप्पा, मी इंजिनिअरिंगला जाते. आणि मी ते मनापासून म्हणत होते.

"नको," ते म्हणाले. "आपल्या घरात आजवर सगळे गरज म्हणून शिकले. मी, तुझी आई, तुझे मामा. भीती वाटते ती त्याचीच, की चुकलं तर सावरायला मागे काही नाही. पण कुणीतरी आवडतं म्हणून शिकायला सुरुवात केली पाहिजे. तू कर."

त्या दिवशी इंजिनिअरिंगची जागा आम्ही सोडून दिली. संध्याकाळी मामांना कळलं तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कंपनीतल्या पगारांबद्दलची एक बातमी पाठवली, दुसऱ्या दिवशी आणखी एक, आणि आठवडाभर हे चालू राहिलं. शेजारच्या काकूंनी पेढ्यांचा विषय परत काढला नाही. पण जिन्यात भेटल्या की माझ्याकडे नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं बघायच्या. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. पप्पांनी ती केली आणि खाली सवयीनं तारीखही टाकली. क्लार्क म्हणाला, तारखेची जागा वेगळी आहे, पण असू द्या, माणूस शिस्तीचा दिसतोय.

कॉलेज सुरू झालं आणि मी पहिल्या पंधरा दिवसांत एक बीकर आणि एक थर्मामीटर फोडला. सहायक बाईंनी वही पुढे सरकवली, मी नाव लिहिलं. घरी सांगितल्यावर पप्पांनी विचारलं, काय करताना फुटलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते पेपर वाचायला लागले.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी इतिहासाच्या तासाला बसले होते आणि पप्पांचा फोन आला. ऑफिसच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात धावले. पलीकडून प्रचंड गोंगाट ऐकू येत होता, पोरांचा. पप्पा शहराबाहेरच्या एका गावातल्या शाळेत तपासणीला गेले होते. त्यांनी मोडतोड रजिस्टर उघडलं होतं. त्यात निरंक होतं. मग त्यांनी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली होती, सूक्ष्मदर्शक काढून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला होता, आणि खिचडीच्या खोलीतून एक कांदा आणवला होता. आता पन्नासेक पोरं टेबलाभोवती गोळा झाली होती, मुख्याध्यापक हात बांधून उभे होते, आणि हे यंत्र चालवायचं कसं ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

"मलाही नाही," पप्पा हळू आवाजात म्हणाले. "तू सांग."

मी सांगितलं. पापुद्रा अगदी पातळ काढा, नखानं ओढा. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात तो सपाट पसरा. आधी सगळ्यात आखूड भिंग. खालचा आरसा उजेडाकडे करा, सूर्याकडे नको. आता एक डोळा लावा आणि बाजूची चकती सावकाश फिरवा, अगदी सावकाश. माझ्यामागून टेबल टेनिसची मुलं ओरडत होती, त्यांना मी हातानं गप्प बसायची खूण केली. फोनवर पोरं मला बघू द्या, मला बघू द्या करत होती, कुणीतरी म्हणालं, "सर आधी बगत्यात, गप हुबा ऱ्हा." मग तेही बंद झालं.

मी थांबले. मला वाटलं फोन कट झाला.

"दिसलं," पप्पा म्हणाले.

मी विचारलं, कसं दिसतंय. पण त्यांनी फोन ठेवून दिला, कारण मागे रांग लागली होती.